वाडीचं कलाकेंद्र: जागेपासून छपाईपर्यंत

गावात कला आणि सामाजिक न्यायाचं केंद्र काढायचं ठरलं की सगळ्यांना आधी देवळाचं सभागृह सुचतं. भाडं नाही, रंगमंच तयार, वीज आहे, सतरंज्यासुद्धा आहेत. तरी तिथे काढू नका. कोकणातल्या गावांत देवळाला मानकरी असतात, आणि शिमग्यात पालखी कुठल्या अंगणात नाचते यावरून आजही बैठका बसतात. ज्या वाडीतला माणूस त्या पायरीशी यायला दोनदा विचार करतो, त्याची पोरं चित्र काढायला तिथे येणार नाहीत. मग "आम्ही तर बोलावलं होतं" म्हणायला सगळे मोकळे.

महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता. त्याआधी १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव झालेला होता. तरी २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना माणसं घेऊन तळ्यापर्यंत चालत जावं लागलं. कागदावर खुली असलेली जागा पायाखाली बंद असू शकते, हे रायगड जिल्ह्याला शिकवायला नको. म्हणून जागा निवडताना दाखले नंतर बघा, आधी वाट बघा.

जागा

प्रत्येक वाडीतून, संध्याकाळी सातला, तिथल्या एखाद्या बाईबरोबर केंद्राच्या जागेपर्यंत चालत जा. वाट कुणाच्या खळ्यातून जाते का? मध्ये वहाळ आहे का, आणि जुलैत त्याच्यावरून जाता येतं का? दिवा आहे का? पोचायला पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर ती वाडी तुमच्या केंद्रात नाही असं समजा, किंवा महिन्यातून दोन सत्रं तिकडे न्या. पाणी कुठल्या विहिरीचं आणि ते कोण कोण भरतं, हेही त्याच दिवशी विचारा. संडास नसेल तर मोठ्या मुली तासाभरापेक्षा जास्त थांबत नाहीत. त्यामुळे भिंती रंगवण्याआधी संडास.

बंद पडलेली जिल्हा परिषदेची शाळा, जुनी भातगिरण, मच्छीमार सोसायटीचं रिकामं गोदाम या जागा चांगल्या, कारण त्या एका घराण्याच्या नसतात. शाळेची इमारत हवी असेल तर ग्रामसभेचा ठराव घ्या आणि जिल्हा परिषदेकडे लेखी मागणी करा. सरपंचांच्या तोंडी होकारावर सामान हलवू नका, निवडणुकीनंतर तो होकार कुणालाच आठवत नाही.

मुंबईला गेलेल्या चाकरमान्याचं कुलूपबंद घर सहज मिळतं, आणि सहज जातंही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या (घरपट्टीच्या नोंदीच्या) उताऱ्यावर जितकी नावं, तितक्या सह्या हव्यात. एका भावाने दिलेली किल्ली दुसरा भाऊ गणपतीत येऊन परत मागतो. किमान तीन वर्षांचा भाडेकरार करा आणि तो नोंदवून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर असते. फी कोण भरणार ते आधीच बोलून घ्या.

जमिनीवर बसून काम करायला माणशी साधारण वीस चौरस फूट जागा लागते. म्हणजे २० बाय ३० फुटांच्या खोलीत तीसजण बसतात, छपाईचं टेबल लावलं तर वीसच.

जुन्या चिरेबंदी घरात खरी अडचण जोत्याची असते. दोन फूट उंच जोतं, चार पायऱ्या, वर उंबरा. चाकाची खुर्ची किंवा काठीवर चालणारी आजी तिथेच थांबते. उताराचं प्रमाण एकास बारा ठेवा. दोन फूट चढायला चोवीस फूट लांब रॅम्प लागतो, तोही किमान तीन फूट रुंद. अंगणात एवढी सरळ लांबी नसेल तर मध्ये चार-पाच फुटांचा सपाट टप्पा ठेवून वळवा. गवंडी हमखास "सहा फुटांत बसवतो" म्हणतो. बसतो खरा, पण तो गाड्यावरून पोती चढवायला. जांभ्यावर किंवा गुळगुळीत कोब्यावर पावसाळ्यात शेवाळ धरतं, म्हणून सिमेंट ओलं असतानाच खराट्याने आडव्या रेघा ओढा, आणि पागोळ्यांचं पाणी रॅम्पवर पडणार नाही अशी पन्हळ लावा. उंबरा काढता येत नसेल तर दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर ठोका.

विजेच्या कामात एक गोष्ट टाळू नका. कातळावर अर्थिंग नीट लागत नाही, कारण उन्हाळ्यात सुका जांभा वीज वाहून नेत नाही. खड्डा मातीच्या जागी, शक्यतो विहिरीच्या किंवा मोरीच्या बाजूला घ्या, कोळसा आणि मीठ भरा, आणि एप्रिल-मेमध्ये तिथे पाणी घालत राहा. मेन स्विचला ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की आपोआप तोडणारा स्विच) बसवा. ओल्या पायांनी माइकला हात लावणारी मुलं असतात, त्यांच्यासाठी तो आहे.

किल्ली आणि कागद

केंद्राच्या तीन किल्ल्या करा आणि त्या तीन वेगवेगळ्या वाड्यांत ठेवा. त्यांतली एक बौद्धवाडीत किंवा कातकरवाडीत, एक बाईच्या हातात. ही शोभेची बाब नव्हे. ज्याच्याकडे किल्ली, तो ठरवतो कार्यक्रम कधी, कुणाचा आणि किती वाजता संपायचा. किल्ल्या दर सहा महिन्यांनी फिरवा, तारीख वहीत लिहा. एकाच माणसाने मनापासून केंद्र सांभाळलं तरी चार वर्षांनी ते त्याचं घर होतं, आणि बाकीचे पाहुणे.

कार्यकारिणीत सात ते अकरा माणसं पुरेत. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात सदस्य लागतात. महाराष्ट्रात अशा संस्थेची नोंद महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही होते, आणि दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयातच होतात. घटना आणि नियमावली वकिलाकडची छापील घेऊ नका. उद्देशांत कला आणि सामाजिक न्याय यांच्याबरोबर प्रशिक्षण, छपाई, प्रकाशन आणि वस्तूंची विक्री हेही लिहा, नाहीतर पुढे पिशव्या विकल्यावर हिशेब तपासनीस अडवतो. सगळ्यांत जास्त चुकतं ते बदल अर्जाचं. पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचं असतं. तो अर्ज राहिला की बँक नव्या माणसांच्या सह्या घेत नाही, जुना खजिनदार विरारला गेलेला असतो, आणि पैसे खात्यात असून मिळत नाहीत. खात्याला दोन सह्या, त्या एकाच भावकीतल्या नकोत.

पैसा मुंबईच्या मंडळाकडून येतो, आखातातूनही येतो. दाभोळ, राजापूर, श्रीवर्धन पट्ट्यात आखातात कामाला असलेली माणसं पुष्कळ. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परदेशी अंशदान धरली जात नाही. पासपोर्ट बदलून दुसऱ्या देशाचा घेतला असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड) असलं तरी, ती धरली जाते आणि एफसीआरए (परदेशी अंशदानाचा कायदा) खालच्या नोंदणीशिवाय घेता येत नाही. म्हणून पावती फाडण्याआधी पासपोर्टची प्रत मागा आणि फाइलला लावा. मंडळाकडून देणगी घेताना मात्र एक अट लिहून ठेवा: देणगीदाराचं नाव भिंतीवर लागेल, कार्यक्रमपत्रिका तो ठरवणार नाही.

कुणाचे दिवस कधी मोकळे

बाहेरून आलेली कार्यशाळा बहुतेक मे महिन्यात ठेवतात, शाळेला सुट्टी असते म्हणून. त्याच वेळी आंबा-काजू उतरत असतो आणि बागेतली मजुरी चुकवून कुणी मोठं माणूस येत नाही. येतात ती चाकरमान्यांची मुलं. गाव धरायचं असेल तर असं धरा: यांत्रिक मासेमारी १ जूनपासून बंद होते, तेव्हा कोळीवाड्यातले खलाशी घरी असतात. त्याच दिवसांत कुणबीवाडी लावणीत वाकलेली असते. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात, म्हणजे त्यांच्याबरोबरचं काम जून ते ऑक्टोबरच. भातकापणी आटोपल्यावर नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत बहुतेक वाड्या मोकळ्या असतात. सगळ्यांना एकत्र आणणारं काम तेव्हा घ्या, पण कातकरी त्यात नसतील हे ध्यानात ठेवून त्यांचा भाग आधी करून ठेवा.

छपाईचं टेबल

केंद्रात पैसे घालायचे तर आधी स्क्रीन छपाईत घाला, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या जाळीतून रंग ओढून छापण्यात. रेशनचं दुकान, धक्क्यावरचं पाणी, शाळेची बस, कशाचंही पोस्टर त्या दिवशी निघतं आणि शंभर प्रतींना वीज लागत नाही. पिशव्या-रुमाल छापून चार पैसेही मिळतात.

अॅल्युमिनियमची चौकट घ्या, लाकडी चौकट दुसऱ्या पावसाळ्यात पीळ खाते. आतून २० बाय २४ इंच पुरे. जाळी कापडासाठी इंचाला ११० धाग्यांच्या आसपास, कागदासाठी १६० ते २००. कागदाच्या जाळीतून कापडावर छापलं तर रंग अपुरा उतरतो, आणि कापडाच्या जाळीतून कागदावर छापलं तर तो पसरतो. दोन स्क्रीन ठेवा.

डिझाइन पूर्ण काळं, मध्ये राखाडी छटा नको. ट्रेसिंग कागदावर लेझर प्रिंट काढा. तो नसेल तर साध्या प्रिंटच्या मागून खोबरेल चोळून जास्तीचं तेल पुसा, कागद पारदर्शक होतो. देवनागरीला इथेच दगा बसतो. अनुस्वाराचा ठिपका दोन मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर तो उघडतच नाही, आणि पोस्टरवर 'मंजूर'चं 'मजूर' होतं. शिरोरेघ जाड घ्या, 'श' आणि 'क्ष' यांच्या पोटातली जागा मोकळी ठेवा, ओळींमध्ये मात्रा-वेलांट्या एकमेकींना टेकणार नाहीत इतकं अंतर सोडा.

जाळी भांड्याच्या साबणाने धुऊन पूर्ण सुकवा. बोटाचं तेल राहिलं तर त्या जागी इमल्शन (जाळीवर ओढायचा, उजेडाने घट्ट होणारा लेप) धरत नाही. तयार मिळणारं फोटोपॉलिमर किंवा डायझो इमल्शनच घ्या. बाजारात नारिंगी बायक्रोमेट स्वस्तात मिळतं, पण ते विषारी आहे, कातडीला जखमा करतं आणि कर्करोगाला कारण ठरतं. ते मुलांच्या जागेत आणूच नका, धुतल्यावर त्याचं पाणी वहाळात जातं. अंधाऱ्या खोलीत, पिवळ्या दिव्यात, दोन्ही बाजूंना एकेक पातळ थर ओढा आणि चौकट आडवी ठेवून पंख्याखाली सुकवा.

एप्रिलात हे दोन तासांत सुकतं. जुलैत रात्रभर ठेवलं तरी सुकत नाही, आणि बोटाला कोरडं लागलं तरी आत ओल असते. अशी स्क्रीन उन्हात धरली की धुताना सगळा थर साबणासारखा निघून जातो आणि लोक इमल्शनला दोष देतात. पावसाळ्यात बंद कपाटात बारका पंखा आणि ओल शोषणारं यंत्र ठेवा, उष्णता चाळीस अंशांच्या वर नेऊ नका. तेवढी सोय नसेल तर जून ते सप्टेंबर फोटो-स्टेन्सिलचा नाद सोडा आणि कागद कापून स्टेन्सिल करा. मोठी अक्षरं त्यात उत्तम येतात, वीस-पंचवीस प्रती निघतात, आणि मुलं पहिल्या दिवशी शिकतात.

उन्हात धरताना प्रिंट जाळीच्या बाहेरच्या अंगाला चिकटवा. रंग ओढायच्या बाजूने पाहिलं तर अक्षरं सुलट वाचता आली पाहिजेत. वर काच, आतून काळं कापड आणि फोमचा तुकडा. किती वेळ धरायचं याला एकच उत्तर नाही, त्यामुळे आधी चाचणी: एका जुन्या स्क्रीनवर पुठ्ठा ठेवून दर अर्ध्या मिनिटाला दोन इंच सरकवा, धुवा, कुठली पट्टी स्वच्छ उघडली ते बघा. थर वाहून गेला तर ऊन कमी पडलं किंवा ओल होती. अक्षर उघडलंच नाही तर ऊन जास्त झालं, किंवा खोलीत उजेड शिरला. मळभ आलं की मधूनच वेळ वाढवत बसू नका, त्या दिवशी थांबा.

छापताना स्क्रीन कागदाला टेकवू नका, तीन मिलिमीटर वर उचललेली ठेवा, चार कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे तुकडे लावून. स्क्वीजी (रंग ओढायची रबरी पट्टी) साधारण साठ अंशांत तिरकी, एकाच दाबाने, एकदाच ओढा. दुसऱ्यांदा ओढली की कडा दुहेरी येतात. पाण्यावरचा रंग मधल्या चहात जाळीत वाळतो, म्हणून थांबायचं असेल तर जाळीवर रंगाचा थर पसरून ठेवा, आणि काम संपल्यावर लगेच धुवा. गडद कापडावर साधा पिगमेंट दिसत नाही, तिथे 'खादी' पेस्ट (कापडाचा रंग झाकणारी दाट पेस्ट) लागते. कापड दिवसभर वाळवून उलट बाजूने गरम इस्त्री तीन-चार मिनिटं फिरवली नाही तर पहिल्या धुण्यात रंग जातो.

खळ्यातलं नाटक

वादाच्या विषयावर वीस मिनिटांचं नाटक बसवा, त्यात अन्याय होतो तिथे थांबवा, आणि प्रेक्षकांतल्या कुणाला "तुम्ही असता तर काय केलं असतं" म्हणून आत बोलवा. त्याने पात्राची जागा घ्यायची, भाषण द्यायचं नाही. सूत्रधार हा इथला कळीचा माणूस. तो उत्तर सांगायला लागला की खेळ संपला. पहिला हात नेहमी पुढाऱ्याचा वर येतो. त्याच्याकडे बघून हसा आणि मागे उभ्या असलेल्या बाईला विचारा.

किनाऱ्याजवळ दुपारपासून वारा समुद्राकडून येतो. नटांची पाठ समुद्राकडे असेल तर आवाज प्रेक्षकांकडे वाहतो, पण मग प्रेक्षकांच्या डोळ्यांवर मावळतीचं ऊन येतं. म्हणून सूर्यास्तानंतरच सुरू करा. नटांच्या मागे भिंत किंवा कुडाचा आडोसा घेतला तर दीडशे माणसांना माइकशिवाय ऐकू जातं. माइक घेणार असाल तर पोलीस ठाण्याची परवानगी लागते, आणि उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. दशावतार आणि जाखडीच्या बाऱ्या रात्रभर चालतात, तेव्हा दहानंतर विनामाइक करण्याची तयारी ठेवा. पूर्वी तसंच होत असे. जाहीर प्रयोगाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, ते आधी मागवा. संहितेत गावातल्या जिवंत माणसाचं नाव, टोपणनाव, गाडीचा नंबर असलं काही नको. बदनामीचा दावा राहिला बाजूला, त्या पात्राचं काम करणाऱ्या पोराच्या बापाची मजुरी बंद होते.

कलावंताचा हक्क

कुडाळजवळ पिंगुळीच्या ठाकर समाजाने चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ चा पद्मश्री मिळाला. अशा कलावंताला केंद्रात बोलावणं सोपं, त्याच्याशी नीट वागणं तितकं सोपं नाही. मानधन त्याच दिवशी, हातात, पाकिटावर रक्कम लिहून द्या. प्रवास आणि साथीदार वेगळे धरा. बागेत त्या दिवशी जी मजुरी चालू असेल तिच्याखाली कुणालाही देऊ नका, मग तो तेरा वर्षं ढोलकी वाजवणारा असो की काल शिकलेला.

चित्रीकरण करण्याआधी संमतीपत्र मराठीत वाचून दाखवा: काय टिपणार, कुठे दाखवणार, पैसे मिळाले तर वाटा किती, आणि नको म्हटलं तर काढून टाकणार का. कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये सादरकर्त्याचा स्वतंत्र हक्क मानलेला आहे आणि तो ५० वर्षं टिकतो. "लोककला आहे, कुणाचीच नाही" हे वाक्य बोलणारा बहुतेक कॅमेरा घेऊन आलेला असतो. चित्रकथीचा नमुना पिशवीवर छापायचा असेल तर त्या घरच्या माणसाकडूनच काढून घ्या.

केंद्रात दहा किंवा अधिक जण काम करत असतील, मानधनावरचे आणि स्वयंसेवक धरून, तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते: अध्यक्ष स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया, एक सदस्य बाहेरची. त्याहून कमी माणसं असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तिचा पत्ता दारामागे लावा. तालमीनंतर मुलींना घरी सोडायला एकटा पुरुष कधीच पाठवू नका, तो कितीही भला असला तरी.

आगोट

मेच्या शेवटच्या आठवड्यात केंद्राची आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीची तयारी, करा. कौलं शाकारून घ्या, वळचणीची वाळवी बघा. कागद, मुखवटे, चित्रं लोखंडी कपाटात, जमिनीपासून सहा इंच वर आणि भिंतीपासून चार इंच लांब. भिंतीला टेकलेल्या कपाटात मागच्या बाजूने बुरशी धरते. कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या टाका आणि महिन्यातून एकदा तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा ठेवा. लाकडी ठशांना जवसाचं तेल. माइकच्या आणि स्पीकरच्या जोडण्या खाऱ्या हवेने हिरव्या पडतात, त्या पुसून प्लॅस्टिकच्या डब्यात. वीज कडाडायला लागली की प्लग काढायचा, फक्त बटण बंद करून भागत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-मुरूड पट्ट्यात छपरं उडवली. पुढच्या वर्षी मेमध्ये तौक्ते आलं. नोंदणीचं प्रमाणपत्र, भाडेकरार, संमतीपत्रं आणि हिशेबाच्या वह्या यांचे फोटो काढून तीन जणांच्या फोनमध्ये आणि एका मुंबईच्या माणसाकडे ठेवा. मूळ कागद दोन प्लॅस्टिक पिशव्यांत, पत्र्याच्या ट्रंकेत, आणि ट्रंक केंद्रात नको, गावातल्या स्लॅबच्या घरात.